म्हणे हेलिकॉप्टरं भंगारात काढा!

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय: ‘आयएनएस जलाश्ववर हेलिकॉप्टरं कशाला? भंगारात काढा. दहा एफ-३५ बी जेट ठेवा, उरलेल्या जागी ऑस्प्रे. अमेरिका हेच करते.’ (ऑस्प्रे म्हणजे हेलिकॉप्टरसारखं उभं उतरणारं, पण पंखे पुढं वळवून विमानासारखं उडणारं यान.) खानापूरच्या भाच्यानं मलाही पाठवला, खाली ‘मामा, बरोबर आहे नव्हं?’ नाही बाबा.

जलाश्वचं आधी उरकतो. किनाऱ्यावर सैनिक उतरवायचं आपल्या नौदलाचं जहाज; मूळचं जुनं अमेरिकी, २००७ साली आपल्याकडं आलं. साधारण १७ हजार टन, मागं हेलिकॉप्टर उतरण्यापुरता डेक. एफ-३५ बी उभं उतरताना खाली एवढी आग ओकतं की ४५ हजार टनांच्या ‘अमेरिका’ या अमेरिकी नौदलाच्या जहाजाचाही डेक मजबूत करावा लागला. आणि ते जेट आपल्याकडं आहे कुठं? उभी उतरणारी आपली सी हॅरियर २०१६ मध्येच गोव्यात निवृत्त झाली.

डोकं फिरतं ते ‘भंगारात काढा’ वाचून. एफ-३५ बीत खुर्ची एकच, पायलटची. बेळगावच्या मराठा सेंटरात घडलेला शिपाई किनाऱ्यापलीकडच्या डोंगरावर जाणार कसा? जेटच्या पंखावर बसून?

१९८२ चं फॉकलंड बेटांवरचं ब्रिटन-अर्जेंटिना युद्ध वाचा. ब्रिटिश हॅरियर जेटनी अर्जेंटिनाची वीसेक विमानं पाडली, त्यांच्याशिवाय ब्रिटिशांना उतरणं अवघड होतं, हे मान्य. पण २५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं आणि तीन चिनूक, सहा वेसेक्स हेलिकॉप्टरं खाक झाली. चौथं चिनूक तेवढं हवेत होतं म्हणून वाचलं. मग काय, पाठीवर ३५-४० किलो ओझं घेऊन दलदलीतून ऐंशी-नव्वद किलोमीटर तंगडतोड. गूज ग्रीनच्या लढाईला तर १०५ मिलिमीटरच्या तीनच तोफा पोचल्या, त्याही रात्री सी किंग हेलिकॉप्टरच्या पोटाखाली लटकवून. खराब हवेमुळं हॅरियर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फिरकलीच नाहीत. आता सांगा, कुणाला भंगारात काढायचं?

ऑस्प्रेचा वेग खरा आहे. २४ सैनिक घेऊन ताशी चारशे किलोमीटरच्या वर. पण रखवालीची कोब्रा हेलिकॉप्टरं मागं पडतात, त्याचं काय? आणि २०२३ च्या नोव्हेंबरात जपानजवळ एक कोसळून आठ जण गेले, तेव्हा सगळीच ऑस्प्रे तीनेक महिने जमिनीवर होती. दुसरं काही ठेवलं नसतं, तर अमेरिकेचे मरीन सैनिक बसले असते बंदरात.

‘अमेरिका हेच करते’ हे अर्धवट. ‘अमेरिका’वर वीसेक एफ-३५ बी मावतात, खरं आहे. पण नेहमीच्या मोहिमेत जेट साधारण सहा. बाकी ऑस्प्रे, अवजड सीएच-५३, हल्ल्याची आणि बचावाची हेलिकॉप्टरं. जेट वाढवली की सैनिक वाहणारी कमी होतात, जागा तेवढीच.

मेसेजच करायचा तर हा करा: सैनिक वाहणारी आपली सी किंग ४२ सी १९८० च्या दशकातली आहेत. नवी घेतलेली २४ एमएच-६० आर हेलिकॉप्टरं मुख्यतः पाणबुड्या शोधायला. मग जलाश्ववरून जवान न्यायला पुढं काय?