चवीचं बोट सुटलेलं नाही

'मजा' या शब्दाच्या उगमावरचा लेख वाचला. हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ चव, इथवर लेख पटला. पण 'गमतीचा अर्थ त्याला इकडे येऊन चिकटला' हे लेखातलं विधान चूक. फारसीत आजही चविष्ट पदार्थ 'खुशमजे', आणि विनोदी माणूस 'बामजे'. माझा एक इराणी सहकारी माझ्या फसलेल्या विनोदांवर तोंड वाकडं करून नुसतं 'बीमजे' म्हणायचा. बेचव! म्हणजे गंमत तिथूनच शब्दासोबत आली.

तुर्की-ग्रीक जेवणातल्या 'मेझे' या छोट्या पदार्थांचं नावही याच शब्दाचं, ते मात्र लेखातून राहिलं. आणि हिंदीतला 'तो' मजा मराठीत 'ती' कशी झाली, यावरही दोन ओळी हव्या होत्या. खरी मजा तिथेच होती.