चार घंट्या म्हणजे हत्ती

नैरोबीहून भाच्याचा फोन आला. "मावशी, तुझं आणि आईचं एका रात्रीचं बुकिंग केलंय. अ‍ॅबरडेअरच्या जंगलात. एकदम आलिशान. खिडकीतून हत्ती दिसतात!" मी लगेच सुती गाऊन आणि हातपंखा बॅगेत भरला. आफ्रिका म्हणजे ऊन, एवढाच माझा भूगोल. विषुववृत्त तिथून जवळ आहे हे खरंच, पण लॉज २,००० मीटरच्या वर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. जुलैच्या संध्याकाळी पाचलाच तोंडातून वाफ निघायला लागली, तेव्हा ताईने शांतपणे शाल काढली, कानटोपी काढली आणि माझ्या हातपंख्याकडे एकदा नुसतं पाहिलं.

मोठ्या बॅगा पायथ्याच्या न्येरी गावातच ठेवून घेतात. माणशी एक पिशवी घेऊन बसने वर जायचं. या डोंगरांत प्राणी बघत रात्र जागवायची चाल जुनी आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ इथल्याच एका झाडावरच्या लॉजमध्ये राहिली होती. त्या रात्री तिकडे तिचे वडील गेले आणि चढताना राजकन्या असलेली मुलगी उतरताना राणी झालेली होती. त्या वेळी तिथे आपले जिम कॉर्बेटही होते. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारणारे तेच. भारत सोडल्यावर ते न्येरीला स्थायिक झाले, त्यांची कबरही तिथेच आहे. हे ऐकताच ताई म्हणाली, "म्हणजे आज बिबट्या नक्की." कशावरून, ते तिलाच ठाऊक.

आता गंमत अशी, की आमचं माहेर ओतूरचं, तालुका जुन्नर. तिथे बिबट्या उसात असतो, फुकट असतो आणि कुणालाच नको असतो. तो आला की दादा फटाके वाजवतो. दिवाळीत माहेरी गेलेली ताई अंधार पडल्यावर अंगणातसुद्धा पाय टाकत नाही. तीच ताई इथे पोराच्या पैशाने बिबट्याची वाट बघत बसली होती.

खोली रेल्वेच्या डब्याएवढी. पांघरुणात रबराची गरम पाण्याची पिशवी. "माझ्या कंबरेचं यांना कुणी सांगितलं?" ताई गहिवरली. आणि उशाशी भिंतीवर घंटी. खाली पाण्याशी प्राणी आला की पहारेकरी बटण दाबणार. एक घंटी तरस, दोन बिबट्या, तीन गेंडा, चार हत्ती. झोपायचं असेल तर घंटी बंद करायची सोय होती. मी हात पुढे केला.

"खबरदार," ताई म्हणाली. "झोपायला आलोय का इथे?"

मी तरी झोपायलाच आले होते.

पावणेअकराला घंट्या घणघणल्या, मोजायला कुणी थांबलं नाही. शाल, टोपी, चपला, करकरणाऱ्या फळ्यांवरून धावत काचेपाशी. तिथे मात्र मी गप्प झाले. हत्तीण पुढचे गुडघे टेकून सुळ्याने खारी माती उकरत होती. ओला गोळा सोंडेने उचलून तोंडात टाकायची, की पुन्हा उकरणं. पाण्याची टाकी भरत आल्यावर येतो तसा खोल आवाज मधूनच तिच्या पोटातून यायचा. पिल्लू तिच्या पायांत घुसून तीच माती चाचपत होतं. ताई हळूच म्हणाली, "मातीचे डोहाळे दिसतायत. तू नाही का धाकट्याच्या वेळी पाटीवरच्या पेन्सिली खायचीस?" मिठासाठी हत्ती मैलोन्‌मैल चालतात म्हणे. मला त्या क्षणी ते अगदी पटलं.

पण पुढचं नाही पटलं. सव्वाबाराला दोन घंट्या. "बिबट्या!" ताई एकाच पायात चप्पल घालून पळाली. खाली तरस. एकला पुन्हा दोन. पुन्हा तरस, बहुधा तोच, आमच्याकडे बघून कंटाळलेला. दीडला आठ घंट्या वाजल्या, तेव्हा मात्र ताईने जोड्या लावल्या: भिंत लाकडाची, पातळ, शेजारच्या जर्मन बाईंची घंटी आमच्याकडेही ऐकू येते. म्हणजे कानावर येईल त्याच्या निम्मे.

हिशेबात ताई पक्की. बँकेत तीस वर्षं कॅशला होती.

तीन वाजून वीस मिनिटांनी दोन घंट्या झाल्या. मी उठून बसले. "निज गं," पांघरुणातून आवाज आला. "दोन भागिले दोन एक. तरस आहे मेलं."

सकाळी चहाच्या टेबलाभोवती गर्दी. सगळ्यांच्या फोनवर एकच बिबट्या, वेगवेगळ्या बाजूंनी. वाढणारा मुलगा आनंदाने "चुई! चुई!" करत होता. चुई म्हणजे स्वाहिलीत बिबट्या. जर्मन बाईंनी सांगितलं, आवाजाचा त्रास होतो म्हणून दोन वाजताच त्यांनी आपली घंटी बंद केली होती. त्यांना नवऱ्याने हलवून उठवलं.

ताईने भागाकारावर एक शब्द काढला नाही. ब्रेडला लोणी लावत राहिली.

बस उताराला लागली आणि फोनला रेंज आली. ओतूरहून दादाचा मेसेज. रात्री गोठ्याच्या कॅमेऱ्यात सापडलेला बिबट्या, बांधावर ऐसपैस बसलेला, डोळे चमकतायत. ताई बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत होती. मग आमच्या सोसायटीतल्या बायकांचा ग्रुप उघडून तिने फोन माझ्या हातात दिला.

"मागचा ऊस तेवढा कापता येतो का बघ."