मशिनीक घाम येता काय?

सर्व्हर रूमचं तापमान किती ठेवावं, या विषयावर आमच्या पतसंस्थेत स्वतःचं मत नसलेला एकच घटक आहे, तो म्हणजे सर्व्हर, सगळ्या खात्यांची माहिती सांभाळणारा मुख्य संगणक. बाकी संचालक मंडळापासून चहावाल्यापर्यंत प्रत्येकाकडे आकडा तयार असतो. संस्थेचे संगणक मी सांभाळतो आणि एसीचा रिमोट माझ्या खणात असल्यामुळे हे सगळे आकडे शेवटी माझ्याकडे येतात.

संस्थेचं मुख्य कार्यालय मालवणात. सर्व्हर रूम म्हणजे पूर्वीची स्टेशनरीची खोली. दार काचेचं, खिडकी प्लायवूड ठोकून बुजवलेली, मोठी भिंत पश्चिमेला, म्हणजे थेट समुद्राच्या तोंडावर. आत एक रॅक, म्हणजे खणाखणांचा उभा सांगाडा, त्यात सर्व्हर आणि संगणक एकमेकांना जोडणारा स्विच, खाली यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या. भिंतीवर दोन स्प्लिट एसी, बारा-बारा तासांच्या पाळीनं चालणारे. संस्थेत वेळेवर ड्यूटी बदलणारे तेवढे दोघेच.

चेअरमनसाहेबांचा आकडा १६. कारण रिमोट त्याच्या खाली जात नाही. पैसे पुरे मोजलेत तर थंडीही पुरी घ्यावी, हा त्यांचा हिशेब. मॅनेजर सावंत मॅडम २८ म्हणतात, कारण वीजबिलावर सही त्यांची असते. अकाउंटंट २४ वर ठाम आहेत. १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगवाल्या नव्या रूम एसीचं सुरुवातीचं सेटिंग २४ अंश असावं, असा सरकारचा नियम आला, तेव्हापासून त्यांच्या दृष्टीनं हा विषय संपलेला आहे. एसी दुरुस्तीवाला १८ सांगतो आणि वर ‘गॅस कमी झालाय’ असंही सांगतो. यातलं दुसरं वाक्य तो एसीकडे बघायच्या आधीच सांगतो.

मग मी अभ्यासाला लागलो. अमेरिकेत अ‍ॅश्रे नावाची वातानुकूलनवाल्या इंजिनिअरांची संस्था आहे. संगणकाच्या खोलीबाबत जगभर तिचा शब्द मानतात. या संस्थेनं २००४ साली २० ते २५ अंश सांगितले होते. २००८ मध्ये पट्टा रुंद करून १८ ते २७ केला. मी हे मासिक सभेत वाचून दाखवलं. दुरुस्तीवाला आणि अकाउंटंट दोघेही एका दमात बरोबर ठरले. चेअरमन म्हणाले, “१६ आणि १८ मध्ये असा काय फरक आहे हो?” मॅडम म्हणाल्या, “जो २७ आणि २८ मध्ये आहे तोच.” ठराव पुढच्या सभेवर गेला.

ज्ञान वाटल्यानं वाढतं म्हणतात. आमच्याकडे ते वाटलं की त्याचे गट पडतात. मायक्रोसॉफ्टच्या दोन माणसांनी नोव्हेंबर २००७ ते जून २००८ पाच सर्व्हर एका तंबूत ठेवले होते; त्यांच्यावर पाणी गळलं, वाऱ्यानं एक पान येऊन अडकलं, तरी एकही बंद पडला नाही. हे मी चहा पिताना सहज बोलून गेलो. संध्याकाळपर्यंत सावंत मॅडमनी मागच्या पार्किंगच्या पत्र्याखालची जागा मोजून घेतली होती. त्यांना थोपवायला मी इंटेलचा प्रयोग काढला. त्यांनी न्यू मेक्सिकोत सुमारे दहा महिने शेकडो सर्व्हर बाहेरच्या हवेवर चालवले, हवा ३३ अंशांपर्यंत तापली, आर्द्रतेला काही धरबंद नव्हता, सगळ्यावर धूळ बसली. बिघाडाचं प्रमाण भरलं ४.४६ टक्के, त्यांच्या नेहमीच्या थंड सेंटरात ते ३.८३ होतं. “म्हणजे जवळजवळ सारखंच,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे वाढलंच ना!” चेअरमन म्हणाले. पुरावा एकच, आणि दोन्ही पक्ष तो फाइलला लावून मोकळे.

खरं तर रिमोटवरचा आकडा हा मुद्दाच नाही. अ‍ॅश्रेचे १८ ते २७ हे खोलीचे नव्हेत, एसीचेही नव्हेत. सर्व्हर पुढच्या बाजूनं जी हवा आत ओढतो तिचे आहेत. रिमोटवर २२ असताना मी रॅकच्या तोंडाशी थर्मामीटर धरला. खाली २१ आणि वरच्या खणात २९. मागून निघालेली गरम हवा रॅकच्या रिकाम्या खणांतून पुढे येत होती आणि वरचा सर्व्हर स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा ओढत होता. रिकाम्या खणांना झाकणं लावायची असतात. झाकणांचं कोटेशन नामंजूर झालं. मग वार्षिक सभेचा जुना फ्लेक्स होता, तो पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून बसवला. वरच्या खणातलं तापमान चार अंशांनी उतरलं. फक्त फ्लेक्सवर चेअरमनसाहेबांचा फोटो होता, त्यामुळे आता एका खणात त्यांचं कपाळ, दोन खण सोडून मिशी आणि खाली ‘सहर्ष स्वागत’ एवढंच दिसतं. साहेब बघायला आले, बराच वेळ बघत राहिले आणि “चांगलं केलंत” म्हणाले. माझ्या सगळ्या नोकरीत तांत्रिक निर्णयाला इतक्या लवकर मंजुरी मिळालेली नाही.

तापमानाची भांडणं निदान रिमोटपाशी येऊन थांबतात. आर्द्रतेला रिमोटच नसतो. आणि मालवणात खरा प्रश्न तिचाच.

हवा गार केली की पाणी धरून ठेवायची तिची ताकद कमी होते. २७ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असलेली खोली आतलं पाणी न काढता नुसती २० अंशांवर आणली, तर आर्द्रता ९० च्या पुढे जाते. एसी पाणी काढतो, नाही असं नाही. पण खोली ठरल्या आकड्याला आली की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा फिरतच राहतो आणि एसीच्या आतल्या गार नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, जमलेलं पाणी पुन्हा खोलीत उडवून देतो. जूनमध्ये चेअरमनसाहेब भिजून आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं १६ लावले. बाहेर २८ अंश, ९० टक्के. अशा हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून गार जे काही समोर येईल त्यावर पाणी धरणारच. थोड्याच वेळात काचेचं दार बाहेरून पांढरंफट्ट झालं. आत काय चाललंय ते दिसेना. आमचा शिपाई बाळू यानं त्या दवावर बोटानं ‘श्री’ काढला आणि नमस्कार केला. त्या घडीला यापेक्षा जास्त काही मलाही सुचत नव्हतं.

त्यात आमची धूळ साधी नाही, ती खारी आहे. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. सर्किटवर बसलेली खारी धूळ ओली झाली की तिच्यातून वीज वाहते आणि तांबं झिजायला लागतं. म्हणून अ‍ॅश्रेनं २००८ मध्ये घातलेली ६० टक्के आर्द्रतेची वरची मर्यादा मला अतिशय समंजस वाटते. छपरावरच्या आउटडोअर युनिटचे पत्रे तर या वाऱ्यानं असे झालेत की हात लावला तर चुरा होतो. ते मी कोणाला दाखवत नाही. दाखवलं की लगेच कोणाला तरी मत फुटतं.

माझा साडू नागपुरात हेच काम करतो. त्याचं दुखणं नेमकं उलटं. मे महिन्यात ४५ अंश, १५ टक्के. त्याला भीती स्थिर विजेची, म्हणजे कोरड्या हवेत रॅकला बोट लावलं की ठिणगी. मोबाइलवर १५ टक्के बघून तो इतका धास्तावला की हवेत वाफ सोडणारं यंत्र घ्यायला निघाला. मी त्याला फोनवर गणित घातलं. ती ४५ अंशांची हवा २४ वर आणली, तर तीच १५ टक्के आर्द्रता ४८ च्या आसपास जाते. काहीच करायला नको. आणि माझी २८ अंश, ९० टक्क्यांची हवा २४ वर आणली तर हिशेबानं येतात ११४ टक्के, जे अस्तित्वातच असू शकत नाहीत. वरचं पाणी टपकावंच लागतं. साडू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे नागपूरची हवा चांगली आहे, असं तुम्ही म्हणताय?” हे वाक्य त्यानं सासुरवाडीत सगळ्यांना माझ्या नावानं सांगितलंय.

एवढ्या सगळ्या गोंधळात नेमका प्रश्न विचारला तो बाळूनं. मी एसीच्या ड्रेन पाइपाखाली बादली लावत होतो. तो म्हणाला, “साहेबांनू, मशिनीक घाम येता काय?”

नाही येत. आणि अडचण तिथेच आहे. आपले घरगुती एसी बनवलेत माणसांसाठी. माणूस उष्णतेबरोबर घामही सोडतो, श्वासातून वाफ सोडतो, म्हणून एसीच्या ताकदीतला चांगला मोठा हिस्सा हवेतलं पाणी काढायला राखलेला असतो. सर्व्हर सोडतो ती निव्वळ कोरडी उष्णता. त्यासाठी वेगळे ‘प्रिसिजन एसी’ मिळतात. जवळजवळ सगळी ताकद नुसती उष्णता काढायला लावणारे आणि आर्द्रता वेगळी सांभाळणारे. त्यांची किंमत ऐकून चेअरमन स्वतः दवबिंदूला पोचले होते. तेव्हा आमच्या खोलीत पाणी येणार ते बाहेरून, नाहीतर माणसांबरोबर. आणि माणसं येतातच. रॅकच्या मागून येणारा वारा गरम आणि कोरडा. पावसाळ्यात हे गुपित राहत नाही. जुलैत मी रॅकच्या मागे गेलो तर रेनकोट, मोजे, कॅशियरबाईंच्या मुलाचा गणवेश आणि एक ओळखीचा नसलेला टॉवेल. ते सगळं पाणी हवेत जात होतं आणि मी तिकडे ६६ टक्क्यांची कारणं अमेरिकेच्या पुस्तकात शोधत होतो.

कपडे काढायला लावले म्हणून वातावरण तापलं. ते निवळावं म्हणून मी विलिस कॅरियरची गोष्ट सांगितली. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसायचा नाही. पंचविशीतल्या या इंजिनिअरनं यंत्र आखलं ते हवा ५५ टक्के आर्द्रतेवर ठेवण्यासाठी. आजच्या एसीची सुरुवात ही अशी, माणसाला गार वाटावं म्हणून नव्हे, कागदासाठी. सगळ्यांनी आवडीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी कर्ज विभागानं जुन्या फायलींचे गठ्ठे सर्व्हर रूममध्ये आणून रचले. कागद पावसाळ्याचं पाणी पिऊन बसलेला असतो. मी आर्द्रता बघायचं त्या दिवशी सोडून दिलं.

तशीही ती कशावर बघायची हा प्रश्न होताच. खोलीत आर्द्रता मोजणारे तीन मीटर होते आणि तिघांचं कधी जमलं नाही. शेवटी मिठाची परीक्षा घेतली. बाटलीच्या बुचात मीठ, त्यावर ते लगद्यासारखं होईल इतपत पाणी, आणि मीटरसकट सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन स्थिर होते, हा निसर्गाचा नियम. मीटर त्याहून जितका वेगळं दाखवेल तितकी त्याची खोट. आईनं बरणी उचलून विचारलं, “हे कसलं लोणचं?” सकाळी एक मीटर ६८ दाखवत होता, दुसरा ८१ आणि तिसऱ्यानं प्राण सोडला होता. ६८ वाल्यावर मी ‘अधिक ७’ अशी चिठ्ठी चिकटवली. अकाउंटंटांनी विचारलं, हे सात कुठल्या खात्यात टाकायचे.

आता रिमोट २३ वर असतो. रॅकच्या तोंडाशी त्यामुळे २४-२५ येतात, जे सर्व्हरला चालतातच आणि बॅटऱ्यांना मानवतात. खरी नाजूक मंडळी त्या बॅटऱ्या. २५ च्या वर दर आठ-दहा अंशांना त्यांचं आयुष्य निम्मं होतं आणि त्यांच्याबद्दल कोणालाच मत नाही. हवेतलं पाणी काढून बादलीत सोडणारा एक छोटा डिह्युमिडिफायर मिळवला. बादली बाळू रिकामी करतो.

मग मार्चमध्ये आयटी ऑडिट आलं. वीज कंपनीचं काहीतरी काम चाललं होतं, बाहेर पंखेही बंद, यूपीएसच्या जोरावर सर्व्हर रूम चालू आणि एसी जनरेटरवर. ऑडिटर आणि त्यांचे तीन सहायक रुमालानं मान पुसत आत गेले, खुर्च्या मागवल्या आणि तिथेच बसले. दोनदा चहा झाला, एकदा सोलकढी. दार सतत उघडं-मिटतं. संध्याकाळी ऑडिटरांनी भिंतीवरचा मीटर वाचला, प्रामाणिकपणे सात मिळवले आणि शेरा मारला: आर्द्रता ६४ टक्के, मर्यादेपेक्षा जास्त, कारण द्यावे.

पूर्ततेच्या रकान्यात मी खरं कारण लिहिलं, चौघांच्या हुद्द्यांसकट. चेअरमनसाहेबांनी ते वाचलं, पेन काढून खोडलं, तिथे ‘पावसाळ्यामुळे’ असं लिहिलं आणि सही करून १७ मार्च ही तारीख घातली. शेरा निकाली निघालाय.