एमसीबी पडत नाही, एवढ्यावर विसंबू नका

पावसाळा तोंडावर आला की बडोद्याच्या मराठी घरांतून एक निरोप व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत चौघांनी मला तो पाठवला. (एमसीबी म्हणजे बोर्डावरचा, करंट फार वाढला की आपोआप खाली पडून लाइन तोडणारा स्विच; अर्थिंग म्हणजे उपकरणाच्या भांड्यावर आलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी.) मजकूर असा: ‘वायरिंग तपासून घ्या म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. एमसीबी चढलेली राहते म्हणजे वायरिंग ठीक आहे. एमसीबी असताना शॉक लागत नाही. तीन पिनांचा प्लग असला की अर्थिंग आहेच. पाणी शिरलेल्या घराच्या भिंती वाळल्या की काळजी मिटली. तपासणी हा पैसे काढायचा धंदा आहे.’ शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे. बाकीची विधानं चूक आहेत, आणि त्यांवर विश्वास ठेवून एखाद्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून लिहिते आहे.

शॉकचं आधी घेते, कारण सगळ्यांत घातक गल्लत तिथे आहे. एमसीबी वायरीची राखण करते, माणसाची नाही. तिच्यावर १६ लिहिलेलं असेल तर १६ अँपिअरच्या फार पुढे करंट जाऊन वायर तापू नये, शॉर्ट झालं तर आग लागू नये, हे तिचं काम. माणसाला मात्र त्याचा लहानसा अंशही पुरतो. शॉकपासून वाचवणारा वेगळा स्विच, म्हणजे आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची घेतात, म्हणजे १६ अँपिअरच्या पाचशेव्या हिश्शाहून कमी. माणूस लाइनला चिकटला तरी एमसीबीला तो घरात एक छोटा बल्ब जास्त लागल्यासारखा वाटतो. आरसीसीबी बघते ते वेगळं: फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत आला का? कमी आला तर तो दुसऱ्या वाटेने जमिनीत जातो आहे, आणि ती लाइन तोडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून ती पडते का बघा. सारखी पडते म्हणून कुणी काढून टाकायला सांगत असेल, तर ती का पडते ते आधी शोधायला सांगा.

आता ‘एमसीबी चढलेली आहे म्हणजे वायरिंग ठीक’. सॉकेटमधला स्क्रू ढिला झाला आणि त्या जोडाला अर्धा ओहम रेझिस्टन्स, म्हणजे करंटला अडथळा, आला असं धरा. गीझरचा १० अँपिअर करंट तिथून गेला की त्या एका टोकावर ५० वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं! प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं, जळका वास येतो. एमसीबीला मात्र नेहमीचे १० अँपिअरच दिसतात, ती कशाला पडेल?

तीन पिनांबद्दल माझ्या मावशीच्या घरचं सांगते. फतेगंजात तळमजल्यावर राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये, जन्माष्टमीच्या त्या आठवड्यात, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. जुनं वॉशिंग मशीन गेलं, नवं आलं. वायरिंग तेच राहिलं. मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या, तर मावशी म्हणायची, “अगं, रबरी चपला घातल्या की काही होत नाही.” शेवटी पुढच्या जूनमध्ये वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडलं. पितळेवर हिरवा थर, कोपऱ्यात वाळलेला गाळ, आणि मोठ्या भोकाला जोडलेली अर्थिंगची हिरवी वायर कुजून तुटलेली. बाहेरून तीन भोकं व्यवस्थित दिसत होती.

आणि वायर शाबूत असली तरी ती जमिनीत जिथे पुरलेली असते त्या खड्ड्याचं काय? समजा, गीझरच्या आत लाइन त्याच्या भांड्याला लागली. कोरड्या पडलेल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स २० ओहम झाला असेल, तर २३० व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर करंट जमिनीत जाईल. १६ ची एमसीबी त्यावर पडणारच नाही, आणि गीझरच्या भांड्यात शॉक देणारा करंट तसाच राहील.

भिंत वाळल्याचा निकष तर सोडूनच द्या. भिंत हवेने वाळते, पण आतला पाइप जिथे खाली वळतो तिथे पाणी साचून राहतं. बुडालेली एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट पुसून वापरायचे नसतात, बदलायचेच असतात, कारण गाळ आतल्या स्प्रिंगांत आणि पट्ट्यांत शिरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही काही लाइनींत करंट असतो, हे बोर्डाला हात लावण्याआधी लक्षात ठेवा. त्याची लाइनही वेगळी बंद करावी लागते.

राहिला पैसे काढायचा आरोप. नको ते सामान गळ्यात मारणारे आहेत, मी नाही म्हणत नाही. म्हणूनच तोंडी सल्ल्यावर न जाता आकडा मागा. सरकारी परवान्याचा वायरमन बोलवा. उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरीवरचं आवरण करंट किती अडवतं ते मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक लाइन त्याच्याकडून तपासून घ्या, ते आवरण म्हणजे इन्सुलेशन निदान १ मेगाओहम दाखवतं का बघा. अर्थिंगचं मोजमापही कागदावर लिहून घ्या. नुसत्या टेस्टरचा दिवा लाइन आहे एवढंच सांगतो. मीटरच्या पुढचं वायरिंग वीज कंपनी बघायला येत नाही, ते आपलंच.

मावशीच्या स्वयंपाकघराच्या लाइनला मेगर ०.१ मेगाओहमवर थांबला होता. नव्या वायरी ओढल्यावर तोच काटा १०० च्या पुढे गेला. आणि त्या लाइनची एमसीबी मधल्या दहा महिन्यांत एकदाही पडली नव्हती.