शुद्ध, भान, जाणीव

आमच्या कट्ट्यावर वादाची काडी वकिलाने टाकली. आमचा डॉक्टर भूलतज्ज्ञ. त्याला वकील म्हणाला, "तू रोज माणसांची जाणीव बंद करतोस नि पुन्हा चालू करतोस. ती काय चीज आहे ते तुला ठाऊक असणारच."

"मी शुद्ध घालवतो. जाणीव हा शब्द तुझा," डॉक्टर म्हणाला.

यावरच अर्धा तास गेला, आणि वाया गेला असं मला वाटत नाही. गाण्यात रंगलेल्याचं भान हरपतं, शुद्ध नाही. गाढ झोपलेल्याला आजूबाजूचं काही कळत नाही, पण स्वप्नात घाबरायला तो हजर असतो. असे वेगवेगळे शब्द हाताशी असताना वाद घालताना मात्र आपण ते सगळे एकाच पोत्यात भरतो.

डॉक्टरचं म्हणणं सरळ होतं. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, त्यातल्या ६९ अब्जांच्या आसपास एकट्या लहान मेंदूत. त्याला मोठी इजा झाली तर माणूस झोकांड्या खातो, बोलणं अडखळतं, पण जाणीव शाबूत राहते. उलट ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, मोक्याच्या जागी जराशी जखम झाली की माणूस कोमात. "म्हणजे प्रश्न संख्येचा नाही, जोडणीचा आहे. सापडेल आज ना उद्या."

"उद्या म्हणजे कधी?" वकील पुढे सरसावला. "१९९८ मध्ये क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती, पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल म्हणून. २०२३ मध्ये तो हरला आणि वाइनच्या बाटल्या देऊन मोकळा झाला."

मीरा मानसोपचार करते. ती म्हणाली, "मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडही आधी मज्जातंतूंचाच डॉक्टर होता. १८९५ मध्ये त्याने अख्खं मन चेतापेशींच्या भाषेत मांडायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. ते लिखाण छापलं गेलं १९५० मध्ये, तो गेल्यावर अकरा वर्षांनी. माझ्यापुढे बसलेल्या माणसाला तेच स्वप्न पुन्हापुन्हा का पडतं, हे स्कॅन सांगणार नाही."

"आणि तुम्ही सांगता ते तपासायचं कसं? पेशंट 'हो' म्हणाला तर तुमचं बरोबर, 'नाही' म्हणाला तर तो त्याच्या मनाचा प्रतिकार! असा साक्षीदार मिळाला तर मी एकही खटला हरणार नाही."

मीरा हसली, पण उत्तर तिनेही दिलं नाही. तिथे वकिलाला गुण द्यायला हवेत.

नेणिवेच्या, म्हणजे आपल्या नकळत चालणाऱ्या मनाच्या, मदतीला शेवटी डॉक्टरच आला, बहुधा नकळत. लॉरेन्स वाइस्क्रांट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये 'डी. बी.' या रुग्णाबद्दल लिहिलं होतं, ते त्याने सांगितलं. शस्त्रक्रियेत दृष्टीच्या केंद्राचा भाग काढल्यामुळे त्या रुग्णाला डावीकडचं बरंचसं दिसत नव्हतं. तिथे प्रकाशाचा ठिपका दाखवून 'अंदाजाने हात ने' म्हटलं की हात बहुतेक वेळा बरोबर जागी जायचा. आणि तो म्हणायचा, मला काहीच दिसलं नाही.

मला तेव्हा वाटलं, डॉक्टर आणि मीरा भांडतायत कशाला? दोघांच्याही शास्त्राची मोठी कमाई आहे ती जाणिवेशिवाय काय काय चालतं हे दाखवण्याची. इच्छा नेणिवेत दबून राहते, ठिपका न दिसता सापडतो. मग जाणीव हवीच कशाला, हा प्रश्न दोघांनी मिळून अधिक अवघड करून ठेवलाय. मी हे बोललो, तर कुणी लक्ष दिलं नाही. कट्ट्याची रीतच आहे ती.

कारण डॉक्टर वेगळंच सांगू लागला होता. भूल देताना स्नायू सैल करणारं औषध एका हातात पोचू नये म्हणून आधीच त्या हाताला पट्टा आवळायचा. मग गाढ भुलीत वाटणाऱ्या पेशंटला म्हणायचं, 'ऐकू येत असेल तर माझा हात दाब.' काही जण दाबतात. दुखतंय का विचारलं तर त्यातले काही तसंही खुणेने सांगतात. शुद्धीवर आल्यावर बहुतेकांना यातलं काहीही आठवत नाही.

"मग ज्याला दुखलं तो कोण?" मीराने विचारलं.

"आठवणच नाही, तर दुखलं कशावरून?" वकील.

"तुमचं ठरेपर्यंत मी औषध वाढवतो," डॉक्टर म्हणाला.