वजडीतली नाडी

दोन वजड्यांचे पैसे मोजले आणि घास एकीचाही खाल्ला नाही, हा राग अजून उतरलेला नाही. सोलापुरातल्या एका मटणाच्या दुकानात मेंढीची आतडी उभी चिरून पट्टकृमी काढत होतो. गिऱ्हाइकं पांगली. दुकानदार म्हणाला, "सर, नुकसान कोण भरणार?" भरलं.

पांगले नाहीत ते एकटे आजोबा. हयात चादरीच्या मागावर गेलेली. चिमट्याला लोंबणारा हातभर पांढरा पट्टा न्याहाळून म्हणाले, "लेंग्याची नाडी हाय का वो?"

"मोनिएझिया, आजोबा. सहा मीटरपर्यंत वाढतो."

"बाप्या का बाई?"

"दोन्ही. एकेका खंडात नर-मादी अवयवांचे दोन-दोन संच."

"म्हंजी लग्नाचा खर्च न्हाई. अन् जात कोणची?"

"जात काठावरून ठरते. खंडाच्या मागच्या काठाला ग्रंथी असतात. काठभर रांग असली तर एक्सपान्सा, मधोमध आखूड असली तर बेनेडेनी."

"सलग वेल का मधीच बुट्टी, असंच की! पण कापड आटलं तर माप चुकंल."

नेमकं हेच कित्येकांना कळत नाही. जिवंत कृमी थेट अल्कोहोलात टाकला की आखडतो. आधी कोमट सलाइनमध्ये सैलावू द्यावा, दोन काचांत हलकेच दाबून स्थिर करावा, कार्मिननं रंगवावा, तेव्हा कुठे ग्रंथी नीट दिसतात. एवढा दम नसलेले लोक आखडलेला कृमी मोजतात, लांबी-रुंदी जुळली नाही की नवी जात जाहीर करून मोकळे!

"मग सूतच तपासा की," आजोबा म्हणाले.

सूत म्हणजे डीएनए. कॉक्स-१ हे जनुक वाचलं की आखडण्याचा प्रश्नच उरत नाही. माणसातला टीनिया एशियाटिका हा पट्टकृमी दिसायला गोमांसातून येणाऱ्या सॅजिनाटासारखा, पण येतो डुकराच्या यकृतातून. वेगळं नाव मिळालं १९९३ साली, आणि तो वेगळा असल्याची खात्री जनुकांनी पटवली. मोनिएझियाच्या दोन नावांआडही आणखी जाती दडल्या असाव्यात. पण त्यासाठी तुकडा ९५ टक्के अल्कोहोलात हवा. कपाटांत बरण्या आहेत फॉर्मेलिनच्या! वर झोकदार लेबल, आत डीएनएच्या चिंध्या.

"ही खाल्ली तर पोटात वाढती का?"

"नाही. हिची अळी गवतातल्या माइट नावाच्या बारीक किड्यात वाढते. मेंढीनं तो चाऱ्याबरोबर गिळला तरच पुढचं."

"मग ती दुसरी वजडी द्या की. पैसं तर तुमीच भरल्यात."

दिली. पट्ट्याचं डोकं तिच्यातच चिकटून राहिलंय, हे काचेवर मांडणी करताना कळलं.