अर्धा ग्लास वाईन आणि गावभर चर्चा

आज सोयरिकीच्या बैठकीत एका नातेवाइकानं चारचौघांत विचारलं, "काकू, तुमी पन घ्यायले लागल्या म्हने?" सगळे हसले. विचारणारा रोज क्वार्टर संपवूनच घरी येतो. त्याला आजवर कोणी विचारलं का? तो म्हणे थकून येते.

हो, घेतली. दिवाळीत, माझ्याच स्वयंपाकघरात, मिस्टरांसमोर. नाशिकला नोकरीला असलेल्या भाच्यानं आणली होती, शेनिन ब्लाँ नावाची पांढरी वाईन. मी आधी हातच लावत नव्हते. पुण्याला त्याच्याच घरी एकदा लाल वाईनचा घोट घेतला होता, हिरडा चघळल्यासारखी जीभ आखडली होती. तो म्हणाला, मावशी, तो तुरटपणा द्राक्षाच्या सालीचा. लाल वाईन सालीसकट आंबवतात, पांढरीत आधी रस काढून घेतात. शेनिन ब्लाँ ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली, आता आपल्या नाशिककडेही होते.

त्या दिवशी पुडाच्या वड्या केल्या होत्या. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, खसखस, खोबरं, वरून कढईतलं तेल. फ्रीजमधली ती थंडगार वाईन स्टीलच्या ग्लासात ओतली तशी ग्लासाला बाहेरून दहिवर आलं. घोट घेतला. पिकल्या पेरूचा वास, किंचित गोड, मग आंबट. तोंडातलं तेल, तिखट सगळं धुऊन निघालं आणि पुढची वडी पहिल्यासारखीच चवदार लागली. मिस्टरांनी एक घोट घेतला, "याच्यात काही जोर नाही" म्हणाले अन् ग्लास सरकवला.

इथंच माझं डोकं फिरतं. जोर! व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, वाईन बारा-तेरा टक्क्यांची. आपल्याकडे बाटलीला प्रश्न एकच, चढते का? जेवणासोबत कशी लागते, हे कोणी विचारतच नाही. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं मोठ्या दुकानांत वाईन ठेवायचं ठरवलं, तेव्हा संस्कृती बुडाली म्हणून ओरडणाऱ्यांत रोज पिणारेच पुढे होते, आमच्या गावात तरी.

दारूनं घरं बसली, हे मान्य. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे आणि बंदीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या बायांच्या बाजूनं मी कालही होते, आजही आहे. पण त्या बायांच्या मार खाण्याशी माझ्या अर्ध्या ग्लासाचा संबंध जोडू नका. मी कोणाला शिवी दिली नाही, कोणाचं मंगळसूत्र गहाण टाकलं नाही. जेवले, भांडी घासली, झोपले.

मिस्टरांचं एक सांगायलाच हवं. आज बैठकीत सगळे हसले तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "मीच ओतून दिली होती." ओतली भाच्यानं होती. गाडीत बसल्यावर मला बोलायलाच सुचेना.

संक्रांतीला भाचा येतोय, दोन बाटल्या सांगितल्या आहेत. सांबार तेव्हा भरपूर असतो. मैत्रिणींनो, जिला यायचं तिनं आधी कळवा, वड्या त्या हिशोबानं करीन.